सहाच्या बातम्यांत घुसलेल्या बायका

23 मे 1988. लंडनमध्ये बीबीसीच्या सहाच्या बातम्या सुरू होत असतानाच काही बायका थेट स्टुडिओत घुसल्या. एकीनं स्वतःला कॅमेऱ्याला बेडीनं जखडून घेतलं. सू लॉली बातम्या वाचत राहिल्या आणि शेजारचे निकोलस विचेल एका बाईला दाबून धरून चक्क तिच्यावर बसले. पडद्यावर फारसं काही दिसलं नाही. घराघरांत ऐकू गेला तो दबलेला आरडाओरडा.

त्या लेस्बियन होत्या आणि त्यांचा राग होता 'सेक्शन 28'वर. दुसऱ्याच दिवशी लागू होणाऱ्या या कलमानं पालिकांना समलैंगिकतेच्या 'प्रसारा'ची बंदी केली होती. फेब्रुवारीत तर काही जणी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या गॅलरीतून कपडे वाळत घालायच्या दोरीवरून सभागृहात उतरल्या होत्या.

पुढच्याच वर्षी चॅनल फोरवर 'आउट ऑन ट्यूजडे' सुरू झाला: समलैंगिक स्त्री-पुरुषांनी स्वतः घडवलेला कार्यक्रम. संपादक मँडी मर्क यांच्या कंपनीचं नाव 'ॲबसेल प्रॉडक्शन्स' होतं, लॉर्ड्समधल्या त्या दोरीची आठवण ठेवणारं ('ॲबसेल' म्हणजे दोरीवरून उतरणं). 1994 मध्ये 'दिवा' हे लेस्बियन मासिकही आलं.

लोकप्रिय मालिकांची तऱ्हा मात्र निराळी होती. जानेवारी 1994 मध्ये 'ब्रुकसाइड'मध्ये बेथ आणि मार्गारेट यांचं चुंबन ऐन संध्याकाळी, लहान मुलं टीव्हीसमोर असताना दाखवलं गेलं. ते धाडसच होतं. पण पुढच्याच वर्षी बेथ तुरुंगात मरण पावली. 2015 मध्ये 'लास्ट टँगो इन हॅलिफॅक्स'मध्ये कॅरोलाइनशी लग्न होताच केट गाडीखाली सापडली. आपल्याकडे विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली सुमित्राही शेवटी आत्महत्याच करते. वर्षानुवर्षं अशा बाईला गोष्टीत घ्यायचं ते मारण्यासाठीच, हे पाहणाऱ्या मुलीच्या मनावर काय कोरलं जात असेल?

केटला मारल्याबद्दल लेखिका सॅली वेनराइट यांनी नंतर खंत व्यक्त केली. 2019 मध्ये त्यांनीच 'जंटलमन जॅक' ही मालिका आणली. तिची नायिका खरीखुरी होती: यॉर्कशरमधल्या शिबडन हॉलची जमीनदारीण ॲन लिस्टर हिनं सुमारे पन्नास लाख शब्दांची रोजनिशी लिहिली, त्यातला प्रेमाचा भाग सांकेतिक लिपीत. 1834 च्या ईस्टरला यॉर्कच्या चर्चमध्ये तिनं ॲन वॉकरसोबत प्रसाद घेतला. दोघींच्या लेखी ते लग्नच. मालिकेनं तो प्रसंग दाखवला आणि दोघींना जगू दिलं. 2022 मध्ये सहनिर्मात्या एचबीओनं हात काढून घेतला आणि दोन पर्वांवर मालिका थांबली.