अंगावर काढलेली वर्षं

1989 च्या जानेवारीत 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात गडचिरोलीतल्या दोन खेड्यांचा अभ्यास छापून आला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या गावांतल्या 650 बायकांना तपासलं होतं. शंभरातल्या 92 जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात आठ. मला सगळ्यात जास्त टोचतो तो तिसरा आकडा: 45 टक्के बायकांची काही तक्रारच नव्हती.

तोवर सरकारदरबारी बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि नसबंदी. मधल्या काळातल्या बाईकडे कुणी पाहत नव्हतं आणि तीही स्वतःकडे पाहत नव्हती. धुपणी, पाळीत जास्त जाणं, ओटीपोटात ठणकणं, अंग बाहेर येणं हे सगळं 'बाईच्या जातीला असायचंच'. अंगावर काढणं हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग बहुधा बायकांसाठीच घडला असावा. माझ्या आजीने मायांग बाहेर येण्याचा त्रास वीस वर्षं सोसला आणि घरात कळलं ते ती अंथरुणाला खिळल्यावर, तिचं लुगडं बदलताना.

पुढचं दशक संपताना कामाची दिशा बदलली. 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी साधी तपासणी सुरू केली. गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसेटिक ॲसिडचा बोळा लावायचा. हे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमधलंच आम्ल. मिनिटभर थांबायचं. पेशी बिघडलेल्या असतील तर तिथे पांढरट चट्टा उमटतो. ही तपासणी डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका करत होत्या. बारा वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी भरले.

त्याच सुमाराला, 1999 मध्ये, तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,31,746 बायकांचा अभ्यास सुरू झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाची माणसं घरोघर फिरली. एका गटाची आयुष्यात एकदाच, हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली. आठ वर्षांत त्या गटात 34 मृत्यू झाले आणि नेहमीच्याच सोयींवर राहिलेल्या गटात 64. एकच चाचणी, आणि मृत्यू जवळजवळ निम्मे. चाचणीविना राहिलेल्या गटाबद्दल पुढे नैतिक प्रश्न विचारले गेले आणि ते विचारायलाच हवे होते. त्या 64 जणी आपल्याच तालुक्यांतल्या, आपल्याच एसटीत शेजारी बसणाऱ्या. जगभर आज ही चाचणी सुचवली जाते, त्यामागे या बायकांचाही आधार आहे.

या रोगाची चाल संथ असते. विषाणू शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुतेक वेळा दहा-वीस वर्षं जातात. बरा करता येईल असा काळ एवढा मोठा, आणि त्या काळात दुखत काहीच नाही. म्हणून त्रास झाल्यावर जाऊ, हे इथे चालत नाही.

आता शेजारच्या बीडकडे या. 2019 मध्ये राज्याच्या समितीने ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी केली. त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. कित्येकींची तर तिशीतच. फडावर खाडा पडला की पैसे कापले जातात, संडास-पाण्याची सोय नाही, पाळीत कापड धुवायला जागा नाही. अशा बाईला पांढरं जातं म्हणून ती दवाखान्यात गेली की 'कॅन्सर होईल, पिशवी काढून टाक' असं सांगितलं जाई. ना पेशींची स्मिअर तपासणी, ना विषाणूची चाचणी. धाराशिवच्या खेड्यांत जी तपासणी जीव वाचवत होती, तीच शेजारच्या जिल्ह्यात झाली नाही म्हणून भीतीच्या जोरावर अवयव गेले. माझ्या मते गेल्या साडेतीन दशकांतली ही आपली सगळ्यात मोठी शरम आहे.

2016 मध्ये केंद्राने तीस ते पासष्ट वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाच्या तपासणीचं धोरण आखलं. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयातल्या, एकदा तरी ही तपासणी झालेल्या बायका देशभरात शंभरात दोनही भरल्या नाहीत. आशाताई दारात येते तेव्हा 'मला काही होत नाही, मग कशाला?' हेच उत्तर मिळतं. वसा-अमिर्झातल्या त्या 45 टक्क्यांचंही हेच म्हणणं होतं.

तिशी उलटली असेल तर या महिन्यात जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीबद्दल विचारा. कुणी पिशवी काढायला सांगितली तर आधी कुठली तपासणी झाली ते विचारा, कागद मागून घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. जाताना आईला, आत्याला, सासूला बरोबर न्या. त्यांना काय होतंय, हे आजवर कुणी विचारलंच नाही.