साडेबारा हजारवेळा तिसरी घंटा

24 फेब्रुवारी 1983 ते 6 नोव्हेंबर 2022. दिवस मोजले तर बरोबर 14,500 भरतात. या 14,500 दिवसांत प्रशांत दामले यांनी नाटकाचे 12,500 प्रयोग केले. साडेबारा हजारावा प्रयोग मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात झाला, नाटक होतं ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’. बातमी आली, फोटो आले, आपण ‘बापरे’ म्हणालो आणि पान उलटलं. आकडा फार मोठा झाला की असंच होतं, तो डोक्यात शिरतच नाही. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आधी आठवडे काढले. 14,500 दिवस म्हणजे 2,071 आठवडे. साडेबारा हजाराला त्यांनी भागलं की उत्तर येतं सहा. आठवड्याला सहा प्रयोग, तेही जवळजवळ चाळीस वर्षं. साप्ताहिक सुट्टी सोडून रोज कामावर हजर, असा सरळ सरकारी नोकरीसारखा हिशेब झाला. गंमत म्हणजे हा माणूस सुरुवातीला खरोखर नोकरीतच होता, मुंबईच्या ‘बेस्ट’मध्ये. पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टूरटूर’पासून नाटक सुरू झालं आणि हजेरीपट बदलला.

या सरासरीत आजारपणं आली, पावसाळे आले, 2013 मध्ये आलेला हृदयविकाराचा झटका आला. कोरोनाच्या काळात नाट्यगृहांना कुलपं होती, ते महिनेही यातच आले. ते सगळे दिवस शून्याचे धरून सरासरी सहावर राहते, याचा अर्थ कधीतरी ती सहाच्या कितीतरी वर गेली असणार. ती गेलीही होती. 1995 मध्ये 452 प्रयोग, 1996 मध्ये 469. लिम्का बुकात या नोंदी आहेत. 1996 हे लीप वर्ष, म्हणजे 366 दिवस. वर्षभर एकही दिवस रिकामा गेला नाही असं धरलं, तरी 103 प्रयोग ‘दुसरे’ म्हणून उरतात. पुढे 2001 मध्ये एकाच दिवसात पाच प्रयोगांची नोंद आहे. एक प्रयोग अडीच तासांचा धरा. साडेबारा तास झाले आणि यात मेकअप नाही, प्रवास नाही, जेवण नाही. त्या दिवशी पाचव्या प्रयोगाच्या प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे तेवढेच मोजले होते आणि त्याला पहिल्या प्रयोगाइतकाच ताजा माणूस हवा होता. मला या सगळ्या आकड्यांतला हा पाच सगळ्यात भीतीदायक वाटतो.

अडीच तासांचंच माप साडेबारा हजाराला लावू. 31,250 तास होतात. दिवसरात्र, न झोपता, न खाता रंगमंचावर उभं राहायचं तर 1,302 दिवस, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त. आठ तासांची ड्युटी धरली तर 3,906 दिवस. हे फक्त पडदा वर असतानाचे तास आहेत.

आता प्रेक्षक. षण्मुखानंदात 2,763 खुर्च्या आहेत, पण ते अपवादच. आपली बहुतेक नाट्यगृहं सातशे ते हजार-बाराशेची, त्यात बाल्कनी कधी भरते, कधी नाही. हात आखडता घेऊन प्रयोगाला सरासरी पाचशे माणसं धरू. हा माझा अंदाज आहे, पटला नाही तर कमी-जास्त करा. 12,500 गुणिले 500 म्हणजे 62 लाख 50 हजार. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या होती 42 लाख 30 हजार आणि धुळे जिल्ह्याची 20 लाख 51 हजार. बेरीज 62 लाख 81 हजार. चोपड्यापासून साक्रीपर्यंत, रावेरपासून शिरपूरपर्यंत, पाळण्यातल्या पोरांसकट दोन्ही जिल्हे उठून एकदा नाटकाला येऊन गेले, एवढा तो प्रेक्षक आहे. अर्थात तोच प्रेक्षक पाच-पाच वेळा आलेला असतो, तेव्हा खुर्च्या तेवढ्या आणि डोकी कमी.

विनोदी नटाचा हिशेब मात्र खुर्च्यांवर थांबत नाही. त्याला हशा मोजावा लागतो. चांगल्या फार्समध्ये मिनिटाला एक हशा सहज पडतो, म्हणजे प्रयोगाला दीडशे. साडेबारा हजार प्रयोगांत 18 लाख 75 हजार हशे. प्रत्येक हशाला नटाला थांबावं लागतं. पुढचं वाक्य लवकर टाकलं तर ते हशात बुडतं, उशीर केला तर हवा जाते. तीन सेकंद धरा. 56 लाख 25 हजार सेकंद, म्हणजे 65 दिवस. हा माणूस आयुष्यातले दोन महिने नुसता लोकांचं हसणं ओसरायची वाट बघत उभा राहिला आहे. आणि ते उभं राहणंही अभिनयातच करायचं, भूमिकेतून बाहेर न पडता. ‘गेला माधव कुणीकडे’चे 1,800 च्या वर प्रयोग झाले. तेच वाक्य, तीच जागा, तोच हशा, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य आत्ताच सुचलंय असं दाखवायचं. याला टायमिंग म्हणून मोकळं होणं म्हणजे नटावर अन्यायच आहे.

जगात याच्या तोडीचं काय आहे, हेही पाहू. लंडनमध्ये ‘द माउसट्रॅप’ हे अगाथा ख्रिस्तीचं नाटक 1952 पासून चालू आहे. त्याचा 25,000 वा प्रयोग 18 नोव्हेंबर 2012 ला झाला. साठ वर्षं लागली आणि नट किती बदलले त्याला गणती नाही. दामल्यांनी एकट्याने त्याच्या निम्मे प्रयोग चाळीस वर्षांत केले. त्याच नाटकात डेव्हिड रेव्हन नावाच्या नटाने एकच भूमिका 4,575 वेळा केली म्हणून गिनीज बुकात त्याचं नाव आहे. एकाच भूमिकेत चिकटून राहण्यात तो पुढे, नाटकं बदलत राहण्यात आपला माणूस पुढे. प्रयोगांचा आकडा मात्र त्याच्या पावणेतीन पट.

पडद्यावरचे आकडे दिसायला याहून मोठे असतात. दादा कोंडके यांचे लागोपाठ नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले आणि गिनीज बुकात गेले. नऊ गुणिले 25, म्हणजे किमान 225 आठवडे. पण रीळ एकदा भरलं की दादांना थिएटरात जायची गरज नव्हती. (‘विच्छा माझी पुरी करा’च्या दीड हजाराहून जास्त प्रयोगांना मात्र त्यांना स्वतः उभं राहावं लागलं.) आणि मोबाइल आल्यावर तर हिशेबच फिरला. मालेगावच्या शफीक नाट्याचा, म्हणजे आपल्या खानदेशी कॉमेडीतल्या छोटूदादाचा ‘छोटू के गोलगप्पे’ हा एक व्हिडिओ यूट्यूबवर 100 कोटींपेक्षा जास्त वेळा पाहिला गेला आहे. नाटकाला पाचशे माणसं धरली तर तेवढ्या नजरांसाठी 20 लाख प्रयोग करावे लागतील. वर्षाला 315 प्रयोग, हा दामल्यांचाच वेग धरला तर 6,350 वर्षं. हडप्पाची शहरं वसायच्या कितीतरी आधी पहिली घंटा द्यायला हवी होती.

दोघांत कोण मोठा, हा वाद मला घालायचा नाही. छोटूदादा एकदा गोलगप्पे विकून घरी गेला आणि ते शंभर कोटी त्याच्या झोपेतही वाढत राहिले. नाटकात एकही प्रयोग झोपेत होत नाही. नट तापाने फणफणला तर आकडा तिथेच थांबतो.

आम्ही जळगावातले मेहरूणकर या हिशेबाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. मुंबई-पुण्यात दिवसाला दोन-तीन प्रयोग जमतात, कारण दादर, पार्ले, ठाणे एकमेकांच्या टप्प्यात आहेत. दुपारचा शिवाजी मंदिरला संपवून रात्रीच्या प्रयोगाला गडकरी रंगायतन गाठता येतं. मुंबईहून जळगाव रेल्वेने 420 किलोमीटर. नेपथ्याचा ट्रक आदल्या रात्री निघणार, कलाकार मागून येणार, दुपारी महाबळच्या संभाजीराजे नाट्यगृहात सेट लागणार, रात्री प्रयोग, मग परतीचा रस्ता. एका प्रयोगात दोन दिवस जातात. सहाची सरासरी राखायची असेल तर जळगाव परवडत नाही, आणि तरी दौरे निघतात. आमच्या वाट्याला आलेला प्रत्येक प्रयोग त्या यादीत एकच म्हणून मोजला जातो, पण तेवढ्या वेळात दादर-ठाण्याला चार झाले असते.

हिशेब अजून चालू आहे. जानेवारी 2025 मध्ये दामल्यांचं ‘शिकायला गेलो एक!’ रंगमंचावर आलं. आठवड्याला सहा हाच वेग टिकला, तर साडेबारा हजाराचे पंधरा हजार व्हायला नोव्हेंबर 2022 पासून 417 आठवडे लागतील, म्हणजे नोव्हेंबर 2030. दामल्यांचा जन्म 1961 चा, एप्रिलचा. तेव्हा ते 69 वर्षांचे असतील, आणि रविवारी बहुधा दोन प्रयोग.