रोपवाटिकेत हायड्रोजन पेरॉक्साइड : औषध थोडे, दक्षता फार

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील काळी, भारी जमीन ओल फार काळ धरून ठेवते. उभ्या पिकास हा गुण तारक असला, तरी पावसाळ्यात मिरची, वांगी किंवा टोमॅटोची रोपे टाकली असता तोच मारक ठरतो. पाणी साचलेल्या वाफ्यात पिथियमसारखी बुरशी वाढते, रोपांची खोडे जमिनीलगत कुजतात आणि दोन-चार दिवसांत वाफा आडवा होतो. बियाण्याचा खर्च तर जातोच. शिवाय लागवडीची वेळही हुकते.

अशा वेळी जखम धुण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरण्याचा सल्ला दिला जातो. मातीत पडताच हे द्रावण फेसाळते व त्याचे पाणी आणि प्राणवायू होतात. वरच्या थरातील बुरशीस त्यामुळे काही अंशी आळा बसतो. परंतु हा परिणाम अल्पकाळच टिकतो. शिवाय शत्रू व मित्र हा भेद त्यास कळत नाही. ट्रायकोडर्मासारखी उपयुक्त बुरशीही त्याने मरते. म्हणून दोन्ही एकत्र कधीही मिसळू नयेत.

हे औषध कुंड्या व रोपांच्या ट्रेपुरतेच वापरणे इष्ट. ३ टक्क्यांचे द्रावण असल्यास एक लिटर पाण्यात ३० मि.लि. व ६ टक्क्यांचे असल्यास १५ मि.लि. मिसळावे. मिश्रण प्लॅस्टिकच्या भांड्यात आयत्या वेळी करावे. प्रथम चार-पाच रोपांवर वापरून दोन दिवस पाहावे. पाने करपल्यास पुढे वापरू नये.

कारखान्यांसाठीचे ३० ते ५० टक्क्यांचे तीव्र द्रावण घरी आणूच नये. त्याने कातडी भाजते व डोळा कायमचा जाऊ शकतो. डोळ्यांत थेंब उडाल्यास स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. बाटली मूळ झाकणासह, अंधाऱ्या व थंड जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत हे औषध कदापि भरू नये.

आडवे झालेले रोप कोणत्याही औषधाने उभे राहत नाही. खरा उपाय पेरणीपूर्वीचाच होय. गादीवाफे सुमारे १५ सें.मी. उंच करावेत, पाण्यास वाट द्यावी, चांगले कुजलेले शेणखत घालावे, बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळावे व ओळींत विरळ पेरावे. परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र यांचा सल्ला याकामी घेता येईल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात असा एक गादीवाफा करून दाखविल्यास शेतकरी बंधूंना बाटलीची गरज क्वचितच भासेल.