प्राण्यांचे आकारमान व गती

प्राण्याच्या शरीराचे वजन आणि त्याचा कमाल वेग व प्रवासाचा पल्ला यांमधील संबंध. आकारमानाबरोबर वेग वाढतो. परंतु तो एका मर्यादेपर्यंतच. उंदरापेक्षा ससा वेगवान असतो. मात्र सर्वांत अवजड प्राणी सर्वांत वेगवान नसतो. सु. ५० किग्रॅ. वजनाचा चित्ता ताशी सु. १०० किमी. वेग गाठतो, तर कित्येक टन वजनाच्या हत्तीचा वेग ताशी सु. २५ किमी. इतकाच भरतो.

लहान प्राण्याचे पाय आखूड असल्याने त्याची झेप तोकडी पडते. उलट, शरीराची सर्व परिमाणे दुप्पट झाल्यास वजन आठपट होते. स्नायूंचा व हाडांचा आडवा छेद मात्र चौपटच होतो. शिवाय अवजड शरीराला पूर्ण वेग गाठण्यास अधिक वेळ लागतो आणि ऑक्सिजनाविना मिळणारी स्नायूंतील ऊर्जा त्यापूर्वीच सरते. ४७४ जातींची तुलना करून हे स्पष्टीकरण २०१७ मध्ये मांडण्यात आले.

वेग व पल्ला या भिन्न गोष्टी आहेत. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आफ्रिकेतून आणलेल्या चित्त्यांना शिकवून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार केली जात असे. डोळ्यांवर टोपी चढविलेला चित्ता गाडीतून कळपाच्या जवळ नेऊन सोडीत. कारण त्याची धाव काहीशे मीटरांतच संपते. तेवढ्यात काळवीट हाती न लागल्यास तो पाठलाग सोडून देतो. भारतातील मूळचा चित्ता १९५२ मध्ये नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये आफ्रिकी चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणण्यात आले.

लांबच्या प्रवासात मोठे शरीर लाभदायक ठरते. एक किग्रॅ. वजन एक किमी. नेण्यास लागणारी ऊर्जा आकारमानाबरोबर घटत जाते. सारख्याच वजनाच्या प्राण्यांत चालणे सर्वांत खर्चिक, उडणे त्याहून स्वस्त व पोहणे सर्वांत स्वस्त असते. तथापि मोठ्या प्राण्याची एकूण अन्नाची गरज मोठी असल्याने त्याला विस्तीर्ण क्षेत्र लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी अभयारण्य (स्थापना १९५८) गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १,००० किग्रॅ. पर्यंत जाऊ शकते. अशा प्राण्यांच्या दृष्टीने उत्तरेकडील चांदोली व दक्षिणेकडील गोव्याच्या सीमेवरील जंगलांशी राधानगरीचा सलग संबंध टिकणे महत्त्वाचे आहे. रस्ते, शेती व जलाशय यांमुळे जंगलाचे तुकडे पडले, तर लहान प्राण्यांना पुरणारा तुकडा गव्याला अपुरा पडतो व तो शेतात उतरतो.