वाळूतले पाणी : साताऱ्याहून येरळेकाठी

सातारा जिल्ह्यात शाळेची सहल म्हटली की महाबळेश्वर, प्रतापगड, फार तर कास हे ठरलेलेच असते. बस नेहमी पश्चिमेला वळते. शिक्षकांच्या गटाबरोबर आम्ही जी एक दिवसाची सहल काढतो, तिची बस मात्र पूर्वेला जाते : कोरेगाव, पुसेगाव, वडूज, मायणी आणि पुढे सांगली जिल्ह्यातील विटा. या वाटेवर धबधबे नाहीत. पाहायचे असते ते एका नदीचे कोरडे पात्र आणि त्यात चालणारे खाणकाम. 'खाण' म्हटल्यावर कोळसा, लोखंड, बॉक्साइट एवढेच आपल्याला आठवते, कारण भूगोलाच्या पुस्तकात तेवढेच असते. पण १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार साधी वाळू हेसुद्धा 'गौण खनिज' आहे. ते येथे खणले जाते, आणि त्याच्याबरोबर आणखी काय जाते हे समजून घेणे हाच या सहलीचा हेतू आहे.

कोरेगाव सोडल्यावर वर्धनगडाजवळची खिंड ओलांडली की बस येरळेच्या खोऱ्यात उतरते. उसाची हिरवी शिवारे मागे पडतात, माळ आणि बोडके डोंगर सुरू होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत शंभर कि.मी.सुद्धा दूर नसलेल्या दहिवडीला तो पाचशेच्या आसपास येतो. कारण मुलांना पाठ असते. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीवर चढते, थंड होते आणि पाणी तेथेच टाकते; पलीकडे उतरताना तीच हवा एक कि.मी.ला सुमारे दहा अंश या दराने तापते आणि उरलेसुरले ढगही विरतात. हाच पर्जन्यछायेचा प्रदेश. बसमध्ये कोणीतरी हमखास म्हणते, "हे तर वाळवंटच!" तसे ते नाही. साधारणपणे २५० मि.मी.पेक्षा कमी पाऊस असेल तर वाळवंट म्हणतात. येथे त्याच्या दुप्पट पडतो.

मग टंचाई का? पुस्तकात सहसा न येणारी गोष्ट अशी की हा पाऊस सावकाश, चार महिने पडत नाही. त्याचा मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गडगडाटासह येतो आणि काही तासांत कोसळून जातो. उघड्या माळावरून पाणी ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून कृष्णेत निघून जाते. म्हणजे या प्रदेशात किती पडले याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व किती थांबले याला आहे.

थांबणार कोठे? खाली सगळा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यांचा हा बेसाल्ट. घट्ट पाषाणात पाणी शिरते ते केवळ फटींतून. वरच्या कुजलेल्या मुरमात आणि मांजऱ्या थरात ते थोडेफार राहते, पण शंभर लिटर मुरमातून विहिरीला दोन-तीन लिटर मिळाले तरी खूप. या सगळ्या कद्रू खडकात एकच जागा उदार आहे, ती म्हणजे नदीची वाळू.

येरळेची वाळू मुठीत घेऊन भिंगातून पाहा. कोकणच्या किनाऱ्यावरील काही वाळूंसारखी ती पांढरी नसते, कारण बेसाल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतेच. बहुतेक कण काळ्या दगडाचेच तुकडे असतात. मध्ये मध्ये गारगोटी, झिओलाइट आणि चुनखडी चमकतात. कण एकमेकांवर नीट बसत नाहीत, त्यांच्यामध्ये पोकळी राहते. किती? याचा प्रयोग वर्गात दहा मिनिटांत होतो आणि आमच्या मते सहलीच्या आधीच तो करावा. बुडाशी बारीक भोक पाडून ते मेणाने बुजवलेला एक लिटरचा डबा कोरड्या वाळूने काठोकाठ भरा. मोजपात्रातून हळूहळू पाणी ओता. वाळूच्या पृष्ठावर पाणी चमकू लागेपर्यंत साधारण ३०० ते ३५० मि.लि. मावते. आता मेण काढा. २०० ते २५० मि.लि. पाणी बाहेर येते, उरलेले कणांना चिकटून राहते. हाच प्रयोग काळ्या मातीवर करा. माती पाणी पिते, पण परत देत नाही! पाणी साठवणे आणि साठवलेले पाणी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना सांगावे लागत नाही, दिसते.

आता हिशेब मोठा करू. वाळू ब्रासने विकतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. चौथा हिस्सा पाणी परत मिळते असे धरले तर एक ब्रास वाळूत सातशे लिटर वापरण्याजोगे पाणी असते. उदाहरणादाखल पात्राचा एक कि.मी. लांब, ५० मीटर रुंद आणि दोन मीटर वाळूचा तुकडा घ्या. वाळू एक लाख घनमीटर, पाणी पंचवीस हजार घनमीटर, म्हणजे अडीच कोटी लिटर : दहा हजार लिटरचे अडीच हजार टँकर. शिवाय हे एकदाच नव्हे. नदीला पाणी येईल तेव्हा ही टाकी पुन्हा भरते. आणि तिला झाकण आहे. उघड्या तलावातून उन्हाळ्यात रोज आठ-दहा मि.मी. पाणी उडून जाते, पण वाळूच्या दोन-तीन फूट खाली बाष्पीभवन जवळजवळ थांबते. म्हणूनच पात्र कोरडे दिसत असतानाही बायका वाळूत झरा उकरून घागर भरू शकत.

वाळू उपसली की ही टाकी जाते, एवढेच नाही. पात्र दोन मीटर खाली गेले की काठच्या विहिरींची पाणीपातळीही त्याच्या मागे उतरते, कारण भूजल उंचाकडून सखलाकडे वाहते. जी नदी विहिरींना पाणी देत होती तीच आता त्यांचे पाणी ओढून घेते. शिवाय उघड्या पडलेल्या खडकावरून पूर थांबत नाही, मुरत नाही. गेलेली वाळू परत येण्याची आशाही थोडी, कारण वरच्या बाजूच्या येरळवाडीसारख्या धरणांत गाळ अडतो.

हा हिशेब येरळेकाठच्या माणसांनी फार पूर्वी मांडला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि खानापूर तालुक्यातील कितीतरी कामगार गावी परतले. गावी दुष्काळ होता. त्यातून 'मुक्ती संघर्ष' ही चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर आणि त्यांचे सहकारी, तसेच लोकविज्ञान चळवळीतील कार्यकर्ते यांच्याबरोबर गावकऱ्यांनी दुष्काळाची कारणे स्वतः शोधायला घेतली. ठेकेदार येरळेची वाळू नेत होते. पैसा गावाबाहेर जात होता, विहिरी मात्र गावाच्या आटत होत्या. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी वेगळीच मागणी केली : वाळू मर्यादेत आम्ही विकू आणि त्या पैशातून नदीवर बांध घालू. अभियंते के. आर. दाते यांची तांत्रिक मदत मिळाली, श्रमदान झाले, परवानगीसाठी बराच झगडा झाला आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे तर कुटुंबागणिक, भूमिहीनांनाही समान वाटायचे असे तत्त्व त्यांनी ठरवले.

येथे शिक्षक नेहमी अडवतात : वाळू काढणे वाईट, तर त्यांनी काढली ती कशी चांगली? प्रश्न रास्त आहे, आणि तो वर्गातही यावा. वाळू काढली म्हणजे साठा घटला, हे बलवडीलाही लागू आहे. फरक हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला आहे. तेथे काढलेल्या वाळूच्या बदल्यात पाणी अडवणारा बांध त्याच पात्रात आला, आणि किती काढायची हे ज्यांच्या विहिरी काठावर होत्या त्यांनी ठरवायचे होते. मर्यादा सोडली असती तर तोही तोट्याचाच व्यवहार ठरला असता.

त्यानंतर परिस्थिती बरीच पालटली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाळूसारख्या गौण खनिजांच्या छोट्या पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. टेंभू उपसा योजनेने कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून या दुष्काळी भागात आणले. विट्याच्या रस्त्यावर द्राक्षबागा आणि आटपाडीकडे डाळिंबाच्या बागा दिसतात. बांधकामासाठी बेसाल्ट दळून केलेली कृत्रिम वाळूही वाटेवरच्या क्रशरवर दिसते. तिच्यामुळे खड्डा नदीतून डोंगरात सरकतो हे खरे, पण घट्ट पाषाण मुळात पाणी धरत नव्हता, म्हणून पाण्याच्या हिशेबात आम्हाला तो कमी तोट्याचा वाटतो. धूळ हा वेगळा विषय आहे.

सहलीला फेब्रुवारी-मार्च हे महिने बरे. पात्र कोरडे असते आणि विहिरींना थोडे पाणी असते. दोरीला दगड बांधून, काठावर शिक्षक उभे राहून, नदीलगतच्या आणि नदीपासून दूरच्या चार-पाच विहिरींची पातळी मोजावी, आणि जमल्यास स्थानिक शाळेला दरमहा तेच मोजायला सांगावे. वाळू उपसलेल्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्याजवळ मुलांना मुळीच जाऊ देऊ नये. त्यांच्या कडा आतून पोखरलेल्या असतात.