आवर्तसारणीतला बाण आणि जालन्याची सळई

अकरावीच्या प्रवेशयाद्या लागल्या, आणि आता विज्ञानाच्या वर्गावर्गांतून आवर्तसारणीवर तेच दोन बाण काढले जातील: डावीकडून उजवीकडे अणूचा आकार घटतो, आयनन ऊर्जा वाढते. सोडियमची अणुत्रिज्या १८६ पिकोमीटर व क्लोरीनची ९९, आणि पहिला इलेक्ट्रॉन काढून घेण्यास मोलमागे अनुक्रमे ४९६ व १२५१ किलोजूल खर्ची पडतात, यावरून हा नियम खोटा नाही हे दिसतेच. परंतु या दोन प्रवृत्तींना एकमेकींचे प्रतिबिंब मानून पाठ करण्याची जी वहिवाट पडली आहे ती मला मान्य नाही, आणि तिच्याविरुद्धचा दाखला जालन्याच्या पोलाद कारखान्यांतच उपलब्ध आहे.

भंगार वितळवून सळईचे पोलाद करणाऱ्या या कारखान्यांच्या प्रयोगशाळांत नमुन्यावर आरगॉन वायूच्या सान्निध्यात विद्युत ठिणगी पाडतात आणि उद्दीपित अणूंच्या प्रकाशावरून प्रत्येक मूलद्रव्याचे प्रमाण ठरवतात. त्या तपशिलात गंधक व फॉस्फरस यांचे रकाने फार काळजीने वाचावे लागतात, कारण फॉस्फरस सळईला थंडपणी ठिसूळ करतो, गंधक तापलेल्या पोलादास तडे पाडतो, आणि इंडक्शन भट्टीत हे दोन्ही काढून टाकणे सहज साधत नाही. म्हणूनच एफई ५००डी प्रतीच्या सळईत भारतीय मानकाने प्रत्येकास ०.०४० टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

नेमकी हीच जोडी बाणाला अडवते. गंधकाचा अणू फॉस्फरसाहून लहान, तरी त्याची आयनन ऊर्जा १००० आणि फॉस्फरसाची १०१२! फॉस्फरसाच्या तीन पी-कक्षकांत एकेकच इलेक्ट्रॉन असतो, तर गंधकाच्या चौथ्याला त्यांपैकी एकात दाटीने बसावे लागते व त्या प्रतिकर्षणामुळे तो तुलनेने लवकर सुटतो. जालन्यात इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे मराठवाडा केंद्र आहे. तेथील अध्यापकांनी ठिणगीचा असा एखादा तक्ता आसपासच्या कनिष्ठ महाविद्यालयांतील मुलांपुढे ठेवावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

आकाराचा अंमल पोलादात निराळ्या जागी चालतो. लोहाची त्रिज्या सुमारे १२६ आणि मँगनीजची १२७, कारण आवर्तसारणीतील संक्रमण धातूंच्या या पट्ट्यात आकार जवळजवळ स्थिरच राहतो, आणि त्यामुळे मँगनीजचा अणू स्फटिकात लोहाची जागा घेऊ शकतो; ७७ पिकोमीटरचा कार्बन मात्र लोहाच्या अणूंमधील अपुऱ्या पोकळीत शिरून ती रचना ताणतो व सळईला बळ देतो. ते बळ प्रमाणाबाहेर गेले की सळई वाकण्याऐवजी मोडते आणि तिचे वेल्डिंगही नीट होत नाही, म्हणून त्याच मानकाने कार्बनलाही ०.२५ टक्क्यांवर थांबवले आहे.