खोटी घंटा आणि शहराचा कायदा

चोरापासून घराचें रक्षण कसें करावें, ही चिंता मनुष्यानें पहिलें घर बांधलें त्या दिवसापासून त्याच्या मागें लागलेली आहे. अडसर झाला, कडीकुलूप झालें, दारांत कुत्रा झाला, गल्लींत गस्त घालणारा गुरखा झाला. ह्या सर्वांहून निराळा उपाय अमेरिकेंत निघाला तो १८५३ सालीं. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील सॉमरव्हिल येथें ऑगस्टस रसेल पोप नांवाचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. दार किंवा खिडकी उघडली कीं विजेचें मंडल पुरें व्हावें आणि विद्युच्चुंबकाच्या जोरावर घंटा वाजावी, अशी युक्ति योजून त्यांनीं तिचें पेटंट घेतलें. धर्मोपदेशकानें चोरांचा बंदोबस्त वाणीवर न सोंपवितां विजेवर सोंपवावा, हें त्या शतकाला साजेसेंच झालें. पुढें १८५७ सालीं एडविन होम्स ह्या व्यापाऱ्यानें ते हक्क विकत घेतले आणि दोन वर्षांनीं तो आपला धंदा घेऊन न्यूयॉर्कास गेला. मोठें शहर, मोठी संपत्ति आणि मोठी धास्ती जेथें एकत्र नांदतात, तेथेंच असा माल खपावयाचा.

पोप ह्यांची घंटा फक्त घरधन्याला जागें करीत असे. ती चुकून वाजली तर त्याचीच झोप मोडे, आणि तिची दुरुस्तीहि तोच करी. परंतु पुढें घराघरांतून तारा निघून एका मध्यवर्ती कचेरींत जाऊं लागल्या. घरीं यंत्र चाळवलें कीं तेथें सूचना मिळावी आणि कचेरींतील माणसानें पोलिसांना वर्दी द्यावी, अशी ही व्यवस्था. आज तारेची जागा बहुतेक ठिकाणीं मोबाइलच्या व इंटरनेटच्या जाळ्यानें घेतली आहे, पण व्यवस्था तीच. ज्या दिवशीं घंटेचा निरोप घराबाहेर गेला, त्या दिवशीं ती खासगी वस्तु राहिली नाहीं. कंपनी ग्राहकाकडून दरमहा वर्गणी घेते. प्रत्यक्ष धांवून जाण्याचें काम मात्र पोलिसांचें, म्हणजे करदात्यांच्या पैशाचें. नगरसभांना कायदे करावे लागले ते ह्या गांठीमुळें.

हीं यंत्रें चुकतात कशीं हें समजल्यावांचून त्या कायद्यांचें मर्म कळावयाचें नाहीं. दारावर बसविलेलें साधन अगदीं साधें असतें. दाराच्या फळीवर एक लहानसें लोहचुंबक आणि चौकटीवर एक नाजूक कळ. दार मिटलेलें असेपर्यंत चुंबक कळेला धरून ठेवतें, उघडलें कीं सोडतें. फळी पावसाळ्यांत फुगली किंवा बिजागरी सैल झाली, तर जोराच्या वाऱ्यानेंहि कळ सुटते. खोलीच्या कोपऱ्यांत बसविलेला शोधक अधिक चतुर असतो. मनुष्याच्या अंगांतून निघणारी उष्णता डोळ्यांना दिसत नाहीं, ती त्याला दिसते. त्याच्या पुढच्या भिंगानें खोलीचे जणूं अनेक पट्टे पाडलेले असतात, आणि एखादी ऊन वस्तु एका पट्ट्यांतून दुसऱ्यांत सरकली कीं तो निरोप धाडतो. परंतु सरकणारी वस्तु चोरच आहे कीं कपाटावरून उडी मारणारें मांजर, हें त्याला कळत नाहीं. गरम हवेच्या झोतावर हलणारा पडदा किंवा वाढदिवसाच्या समारंभानंतर छताशीं तरंगत राहिलेला फुगा एवढें त्याला पुरतें.

तथापि यंत्राला फार दोष देण्यांत अर्थ नाहीं. बहुतेक वेळां चुकतें तें माणूसच. घरधनी संकेतांक विसरतो. कामवालीला किल्ली दिलेली असते, पण अंक सांगितलेला नसतो. पाहुणा पहांटे पाणी पिण्यासाठीं उठतो. दुकानदार घंटा चालू करतो आणि चष्मा राहिला म्हणून पुन्हां आंत शिरतो. ह्यासाठींच अमेरिकेंत यंत्राच्या रचनेचे कांहीं दंडक ठरविण्यांत आले. घंटा चालू केल्यावर बाहेर पडावयास निदान ४५ सेकंद मिळावे, आणि चुकून वाजलीच तर निरोप लगेच न जातां मध्यें थोडा अवकाश असावा, म्हणजे घरच्यांना ती रद्द करतां येईल. एवढ्याशा सवलतीनें कितीतरी हेलपाटे वांचतात.

हे हेलपाटे किती होते तें पाहण्यासारखें आहे. २००२ सालीं अमेरिकेंतील पोलिसांनीं सुमारें ३ कोटि ६० लक्ष घंटांना धांव घेतली व त्यापायीं सुमारें १८० कोटि डॉलर खर्च झाले, असा अंदाज तेथील न्यायखात्याच्या एका मार्गदर्शक पुस्तिकेंत दिलेला आहे. ह्यांतील शेंकडा ९४ ते ९८ घंटा खोट्या होत्या. एका खोट्या घंटेमागें साधारणतः दोन शिपायांचीं वीस वीस मिनिटें जातात. तीं वीस मिनिटें दुसऱ्या कोणाचीं तरी असतात. जिला नवरा मारीत आहे ती स्त्री, रस्त्यावर मोटारीखालीं सांपडलेला मुलगा, दाराशीं कोणी आलें आहे असें कुजबुजत सांगणारी एकटी म्हातारी, ह्यांना पोलीस उशिरां भेटतो. कारण तो एका बंद बंगल्याभोंवतीं विजेरी घेऊन फिरत असतो आणि आंत मांजर असतें. शिवाय दुसरीहि एक हानि आहे. लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट मराठी मुलें लहानपणींच ऐकतात. पन्नास घरीं फुकट गेलेला शिपाई एकावन्नाव्या घरीं पूर्वीच्या सावधपणानें शिरत नाहीं, आणि खरा चोर नेमका तेथें असला तर बेसावध शिपायाच्या जिवावर बेततें.

ह्यावर घंटा विकणाऱ्यांचा एक आक्षेप असा कीं, घंटा वाजतांच चोर पळून जातो, मागें खूण राहत नाहीं, आणि तशी खरी घंटाहि खोट्यांत मोजली जाते. असें कधीं कधीं घडत असेल. पण शेंकडा पंचाण्णवांचा हिशेब त्यानें जुळत नाहीं.

नगरसभांनीं पहिला उपाय केला तो परवान्याचा. ज्याला घरीं किंवा दुकानीं अशी घंटा बसवावयाची असेल त्यानें शहराकडून परवाना घ्यावा, ठराविक फी भरावी, आणि घराची किल्ली ज्यांच्याजवळ आहे अशा माणसांचीं नांवें लिहून द्यावीं. वर्षांतून एकदोन खोट्या घंटा माफ. पुढें प्रत्येक वेळीं चढता दंड. त्यानेंहि न भागलें तर पोलिसांचें येणेंच बंद. कित्येक शहरांनीं दंडाऐवजीं एक वर्गहि ठेवला आहे. तेथें दोनएक तास बसून आपलें यंत्र कसें वापरावें हें शिकून घेतलें कीं एक दंड माफ होतो. शाळामास्तरांच्या पसंतीस उतरावी अशीच ही शिक्षा आहे. फ्लॉरिडा राज्याच्या कायद्यानें कंपनीवरहि एक बंधन घातलें: कांहीं अपवाद सोडले तर पोलिसांना वर्दी देण्यापूर्वीं निदान दोनदां दूरध्वनि करून खात्री करून घ्यावी. पहिला दूरध्वनि घरीं, आणि तेथें कोणी नसेल तर दुसरा घरधन्याच्या दुसऱ्या क्रमांकावर. हा नियम फार शहाणपणाचा आहे. खोटी घंटा वाजविणारा मनुष्य बहुधा त्याच घरांत, बावरलेल्या मुद्रेनें, यंत्रापुढें उभा असतो.

यूटा राज्यांतील सॉल्ट लेक शहर ह्याच्याहि पुढें गेलें. तेथें शेंकडा ९९ हून अधिक घंटा खोट्या ठरत होत्या. २००० सालच्या डिसेंबरांत तेथें नियम झाला कीं, नुसत्या यंत्राच्या सांगण्यावरून पोलीस निघणार नाहींत. आधीं कंपनीनें आपला पहारेकरी पाठवावा; त्यानें किंवा अन्य कोणा माणसानें डोळ्यांनीं गुन्ह्याची खूण पाहावी; मग पोलीस येतील. संकटांत सांपडलेल्या माणसानें स्वतः दाबलेली कळ मात्र ह्या नियमांतून वगळली, आणि तें योग्यच होतें. पहिल्या नऊ महिन्यांतच घंटांच्या वर्दीवरून पोलिसांना होणारे हेलपाटे शेंकडा नव्वदांनीं घटले.

हा उपाय सर्वत्र मात्र रुचला नाहीं. लॉस एंजेलिसच्या पोलीस मंडळानें २००३ च्या आरंभीं तसाच विचार जाहीर करतांच कंपन्या व नागरिक ह्यांनीं मोठा विरोध केला. अखेर तडजोड झाली ती अशी कीं, पहिल्या दोन खोट्या घंटांपर्यंत पोलीस पूर्ववत् येतील, पुढें खात्री लागेल. टेक्सासमधील डॅलस शहरानें २००६ सालीं व्यापारी जागांपुरता हा नियम केला आणि पुढें नगरसभेनेंच तो फिरविला. विरोधकांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. पहारेकऱ्याला पोलिसाचा अधिकार नसतो, त्याचें शिक्षण कमी, आणि तो पोंचेपर्यंत चोर निसटण्याचा संभव असतो. शिवाय ज्याच्या पदरीं फारसें कांहीं नाहीं अशा लहान दुकानदाराला पहारेकऱ्याचा वाढीव आकार जड जातो. परंतु ज्याच्या घरीं घंटाच नाहीं असा गरीब करदाता दुसऱ्याच्या घंटेचा खर्च सोसतो, ही बाजूहि नगरसभेला पाहावी लागते. आणि सभागृहांत बोलावयास तो क्वचितच येतो.

इंग्लंडांत तक्रारीचा सूर थोडा निराळा. तेथें शेजाऱ्यांना छळतो तो घंटेचा आवाज. घरधनी आठवडाभर परगांवीं गेला आणि भिंतीवरचा भोंगा रात्रभर ओरडत राहिला, तर आळीनें काय करावें? इंग्लंड व वेल्ससाठीं २००५ सालीं जो परिसर-स्वच्छतेचा कायदा झाला त्यांत ह्याची तरतूद आहे. स्थानिक संस्थेला आपल्या हद्दींतील एखादा भाग घंटा-सूचनेचा म्हणून जाहीर करतां येतो. त्या भागांतील प्रत्येक घंटावाल्यानें एक किल्लीदार नेमून त्याचें नांव कळवावें लागतें. राहत्या घराचा किल्लीदार त्याच घरांत राहणारा चालत नाहीं. तो जवळपास राहणारा, किल्ली बाळगणारा आणि घंटा बंद कशी करावी हें जाणणारा असावा लागतो. नांव न कळविल्यास दंड आहे. घंटा सलग वीस मिनिटें किंवा थांबून थांबून तासभर वाजत राहिली, आसपासच्या लोकांना तिचा उपद्रव होत असला आणि किल्लीदाराकरवीं ती बंद करण्याचा प्रयत्न फसला, तर संस्थेच्या अधिकाऱ्याला आवारांत शिरून ती बंद करतां येते. कुलूप फोडावयाचें झाल्यास मात्र न्यायाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. इंग्रजांच्या घराची प्रतिष्ठा एवढी तरी राखलेली आहे.

भारतांत ह्या विषयाशीं निगडित असे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्र म्हणजे दहापासून सकाळच्या सहापर्यंत. खासगी जागेंतील ध्वनिसाधनाचा आवाज त्या जागेच्या सीमेवर ह्या मर्यादेहून पांच डेसिबलांपेक्षां अधिक चढूं नये, असेंहि त्यांत आहे. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांतून रात्रीं दोन वाजतां उगीचच किंचाळणाऱ्या मोटारींच्या मालकांनीं हें वाचलेलें बरें.

वॉशिंग्टन राज्यांतील सिअ‍ॅटल शहराचें उदाहरण ताजें आहे. तेथील पोलिसांना २०२३ सालीं घंटांच्या सुमारें १३,००० वर्द्या आल्या, आणि ज्यांत गुन्हा घडल्याचें ठरलें अशा त्यांपैकीं शेंकडा चारांहूनहि कमी निघाल्या. शिपायांची संख्या तर आधींच रोडावलेली. तेव्हां १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथें नियम झाला कीं, कंपनीनें घंटेच्या जोडीला कांहीं पुरावा द्यावा: छायाचित्र, ध्वनि, प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार, किंवा घरांतील माणसानें दाबलेली संकटाची कळ. पुरावा नसेल तर पोलिसांची गाडी निघत नाहीं.